पायमोंगो वापरणाऱ्यांची मदत हवी: दूध केंद्रातली पहाटेची नोंद बिलातून गळते आहे

नांगरट
11 ऑगस्ट 2024, रात्री 9:50

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय दुखणं कळणार नाही.

आमच्या गावच्या दूध संस्थेची नोंदवही मी गेल्या वर्षी संगणकावर आणली. गाव कऱ्हाड तालुक्यातलं. सभासद तीनशेच्या आसपास, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, दर दहा दिवसांनी बिल. प्रोग्रॅम पायथनमध्ये, डेटा मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये, आणि दोघांना जोडायला पायमोंगो ही पायथनची लायब्ररी. मोंगोडीबी घेतलं कारण आमच्या नोंदी एकसारख्या नसतात. गायीच्या दुधाला फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) दोन्ही, म्हशीच्या दुधाला आम्ही नुसती फॅट धरतो, कुणाच्या नोंदीला पेंडीची उचल जोडलेली, कुणाच्या नोंदीवर 'दूध फाटलं, परत केलं' असा शेरा. तक्त्यात बसवायला गेलं की निम्मे रकाने रिकामे राहायचे. पायमोंगोत पायथनची डिक्शनरी (नाव-किंमत जोड्यांची यादी) जशी आहे तशी इन्सर्ट_वन ला, म्हणजे नोंद आत टाकणाऱ्या फंक्शनला, दिली की काम झालं. (कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितेय, चालवताना रोमनमध्ये टंकायची.)

आता अडचण. काल रात्री 1 ते 10 ऑगस्टचं बिल काढलं. आज सकाळी कोड नंबर 47 च्या आजी आल्या. एकच म्हैस आहे त्यांची, आणि रोज काटा सुरू होण्याआधी दारात बसलेल्या असतात. म्हणाल्या, 'पोरी, माझं एका वेळचं दूध धरलं नाही.' मी बिल दाखवलं, त्यांनी पिशवीतून कार्ड काढलं. आम्ही संगणक आणला तरी त्या हाताने भरलेलं कार्ड ठेवतात, शेजारची मुलगी भरून देते. कार्डावर 1 ऑगस्टच्या सकाळचे 3.3 लिटर आहेत. त्या दिवशीची छापील पावतीही त्यांच्याकडे आहे. बिलात ती नोंद नाही. मग त्यांनीच सांगितलं की मागच्या बिलातही असंच झालं होतं, पण तेव्हा त्या बोलल्या नाहीत.

बिलाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून नोंदी मागवणारी ओळ, साधी आहे: कोड 47, आणि वेळ ही 1 ऑगस्ट 00:00 पासून ($जीटीई) 11 ऑगस्ट 00:00 च्या आधीपर्यंत ($एलटी). काल रात्री तिने 19 नोंदी दिल्या, हव्या होत्या 20. पावती निघाली म्हणजे नोंद झाली होती. मग गेली कुठे? डिलीट करणारी ओळ माझ्या अख्ख्या प्रोग्रॅममध्ये नाही. दिवसभर शोधतेय. तीन लिटर दुधाचा हिशोब चुकतो म्हणजे त्या घराचं काय चुकतं ते मला माहीत आहे, म्हणून झोप लागत नाहीये.

---

रात्रपाळी
11 ऑगस्ट, रात्री 10:35

नांगरट ताई, नोंद डेटाबेसमध्येच असणार, शंभर टक्के. तीन गोष्टी सांगा.

'वेळ' हे फील्ड कशाने भरता, डेटटाइम.नाऊ (मशीनच्या घड्याळातली आत्ताची वेळ) ने का? प्रोग्रॅम कुठल्या मशीनवर चालतो, आणि ते मशीन मधे कधी बदललं का? शिवाय वेळेवरून शोधू नका. फक्त कोड 47 घेऊन _आयडी (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) च्या उतरत्या क्रमाने शेवटच्या चाळीस नोंदी काढा आणि 1 तारखेच्या आसपासच्या दोन-तीन जशाच्या तशा इथे टाका.

---

नांगरट
11 ऑगस्ट, रात्री 11:10

हो, डेटटाइम.नाऊ. कंसात काही नाही. आधी प्रोग्रॅम केंद्रातल्या संगणकावरच चालायचा. वीज गेली की सगळं ठप्प, म्हणून 15 जूनला भाड्याच्या क्लाउड मशीनवर हलवला. आता केंद्रात फक्त ब्राउझर असतो.

आणि नोंद सापडली! ही बघा:

कोड: 47
पाळी: सकाळ
प्रकार: म्हैस
लिटर: 3.3
फॅट: 7.1
वेळ: 2024-07-31 23:48

'सकाळ' पाळी आणि वेळ रात्री पावणेबाराची? पाळी बटण दाबून निवडतात, ती बरोबर आहे. पावतीवर मात्र 1 ऑगस्ट, 5:18 छापलंय. ती वेळ ब्राउझर केंद्रातल्या संगणकावरून घेतो.

---

राइनकाठ
11 ऑगस्ट, रात्री 11:20

23:48 मध्ये साडेपाच तास मिळवा. 5:18.

---

रात्रपाळी
12 ऑगस्ट, सकाळी 7:15

राइनकाठ यांनी नेमकं बोट ठेवलं. हे नीट समजून घेण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मोंगोडीबी तारीख-वेळ एकाच पद्धतीने साठवतं: 1 जानेवारी 1970 पासूनचे मिलिसेकंद, यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळ, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे). टाइमझोन साठवण्याची सोयच त्या प्रकारात नाही. पायमोंगोला तुम्ही टाइमझोन नसलेली वेळ दिलीत तर तो विचारत बसत नाही, ती यूटीसीच आहे असं धरून आत टाकतो. वाचताना परत टाइमझोनशिवायच देतो. त्यामुळे एकाच मशीनवर लिहिणं-वाचणं चालू असेल तोवर सगळं बरोबर दिसतं.

केंद्रातल्या संगणकाचं घड्याळ भारतीय वेळेवर होतं. तिथे पहाटेचे 5:18 हे 'यूटीसी 5:18' म्हणून साठले. अर्थाने चूक, पण दिसायला बरोबर, आणि बिलंही बरोबर निघाली. क्लाउडवरची मशीन बहुतेक यूटीसीवरच लावलेली येतात. 15 जूनपासून तीच ओळ पहाटे 5:18 ला 'आदल्या दिवशीचे 23:48' देऊ लागली. ही वेळ खरं तर बरोबर आहे, पण तुमची बिलाची क्वेरी अजून जुन्याच समजुतीवर चालते आहे.

आता गळती कशी झाली बघा. 1 ऑगस्टच्या पहाटेची नोंद 31 जुलैच्या खात्यात बसली. 21 ते 31 जुलैचं बिल तुम्ही 31 तारखेच्या रात्री काढलं असणार, तेव्हा ती नोंद जन्मालाच आली नव्हती. 1 ते 10 ऑगस्टच्या बिलाने तिला 31 जुलैची म्हणून बाहेर ठेवलं. दोन्ही बिलांच्या फटीत ती पडली. लायब्ररीने एकही एरर दिली नाही, कारण तिच्या दृष्टीने चुकीचं काहीच घडलेलं नाही.

---

लातूरकर
12 ऑगस्ट, सकाळी 8:40

दादा, मी तिसऱ्या वर्षाला आहे, हे वाचून अंगावर काटा आला. एक शंका. मग सगळ्या तीनशे लोकांचं का नाही चुकलं?

---

नांगरट
12 ऑगस्ट, दुपारी 1:05

रात्रपाळी दादा, राइनकाठ, मनापासून आभार. बिल रात्री नऊलाच काढते मी, दहाव्या दिवशीची संध्याकाळची पाळी संपली की लगेच.

लातूरकर, तुझ्या प्रश्नावर सकाळपासून काम केलं. आमचा काटा सव्वापाचला सुरू होतो. साडेपाचच्या आत दूध घालणारे नऊजण आहेत. साडेपाचनंतरची नोंद यूटीसीतही त्याच तारखेला पडते, संध्याकाळची तर पडतेच. म्हणून चुकलं ते या नऊजणांचंच. आणि तेही फक्त बिलाच्या पहिल्या सकाळी. मधल्या दिवसांत एका दिवसाचं दूध आदल्या दिवसाला चिकटतं, पण दहा दिवसांच्या बेरजेत ते येऊन जातं.

रोजची एकूण बेरीज मी टँकरच्या पावतीशी ताडून बघायचे, पण दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर आजच्या पहाटेचं नऊजणांचं दूध कालच्या तारखेत जमा झालेलं असायचं, आणि कालच्या पहाटेचं परवाच्या. रोज एक आत, एक बाहेर. तफावत इतकी किरकोळ दिसायची की मला वाटलं काट्याचा फरक असेल.

15 जूनपासून हिशोब केला तर 21 जून, 1 जुलै, 11 जुलै, 21 जुलै आणि 1 ऑगस्ट अशा पाच सकाळी गेल्या. सगळ्यात आधी येऊन बसणाऱ्यांच्याच. ज्यांना नंतर रानात नाहीतर मजुरीला जायचं असतं तेच पहाटे येतात.

---

मांडवीकाठ
12 ऑगस्ट, दुपारी 2:30

पणजीहून लिहितोय, आमच्या मच्छी लिलावाच्या हिशोबात हेच भोगलंय. उपाय सोपा आहे. मोंगोक्लायंट (डेटाबेसशी जोडणी) बनवतानाच टीझेड_अवेअर ट्रू करा आणि टीझेडइन्फो मध्ये झोनइन्फोचं 'एशिया/कोलकाता' द्या. मग वाचलेली प्रत्येक वेळ भारतीय वेळेत मिळेल. लिहिताना डेटटाइम.नाऊ च्या कंसात तोच झोन द्या. पायमोंगो स्वतः यूटीसीत बदलून साठवतो. क्वेरीतल्या 1 तारीख-11 तारीख या सीमांनाही झोन लावा. झालं काम.

---

रात्रपाळी
12 ऑगस्ट, रात्री 9:20

मांडवीकाठ, उपाय बरोबर आहे, पण ताई, तेवढंच करून थांबू नका! 15 जूनच्या आधीच्या नोंदींवर यूटीसीचा शिक्का आहे आणि आत भारतीय वेळ आहे. नवा कोड त्यांच्यात आणखी साडेपाच तास मिळवेल. संध्याकाळी साडेसहानंतरचं जुनं सगळं दूध दुसऱ्या दिवशीचं दिसेल. आजचं दुरुस्त होईल आणि मागचं वर्ष बिघडेल.

म्हणजे आधी जुन्या नोंदी दुरुस्त करायला हव्यात. 15 जूनची सीमा धरून चालणार नाही, हलवाहलवीच्या त्या दिवशी दोन्ही मशीनवरून नोंदी झाल्या असतील. पण एक साक्षीदार प्रत्येक नोंदीत आधीच बसलेला आहे: _आयडी.

तुम्ही _आयडी दिला नाहीत तर पायमोंगो स्वतः ऑब्जेक्टआयडी तयार करतो. तो 12 बाइटचा असतो: पहिले 4 बाइट म्हणजे तयार होण्याचा सेकंद, पुढचे 5 यादृच्छिक, शेवटचे 3 चढता आकडा. त्यातला सेकंद 1970 पासून मोजलेला असतो, मशीनच्या टाइमझोनशी त्याचा संबंध नाही. कोडमध्ये तो जनरेशन_टाइम या नावाने मिळतो. आता प्रत्येक नोंदीत 'वेळ' वजा जनरेशन_टाइम करा. फरक साडेपाच तासांच्या आसपास आला तर ती केंद्रातल्या संगणकावरची, तिच्यातून साडेपाच तास वजा करा. फरक शून्याच्या आसपास आला तर ती क्लाउडवरची, तिला हात लावू नका. दोन्ही नसेल तर यादी बाजूला काढून डोळ्यांनी बघा.

आधी मोंगोडम्पने बॅकअप घ्या. दुरुस्ती जागच्या जागी करू नका, 'वेळ_नवी' या फील्डमध्ये $सेट ने लिहा. महिनाभर दोन्ही राहू द्या.

---

राइनकाठ
13 ऑगस्ट, रात्री 1:40

यात एक जोडते. मी कोलोनला आहे, इथे वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे होतं, म्हणून ही शिस्त आम्हाला लागतेच.

'1 ऑगस्टची सकाळ' हा घड्याळातला क्षण नाही, तो तुमच्या व्यवहारातला दिवस आहे. तो वेळेवरून दर वेळी काढत बसण्यापेक्षा नोंद होतानाच वेगळा लिहा: दिवस '2024-08-01', पाळी 'सकाळ'. साधी अक्षरं ठेवा. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिलं की अक्षरांचा क्रम आणि तारखांचा क्रम एकच होतो, $जीटीई आणि $एलटी तसेच चालतात. पायथनची नुसती 'डेट' द्यायला जाऊ नका, पायमोंगो ती स्वीकारत नाही, इनव्हॅलिडडॉक्युमेंट म्हणून परत करतो. बिल 'दिवस' वरून काढा आणि 'वेळ' फक्त पुराव्यासाठी ठेवा. वीज गेली म्हणून वहीत लिहून दुपारी टंकलेली सकाळची नोंदही मग योग्य दिवसात बसेल.

---

नांगरट
13 ऑगस्ट, सकाळी 6:50

हे आधी का सुचलं नाही! वहीत आमचे सचिव वर्षानुवर्षं तेच लिहीत आले: तारीख, पाळी. वेळ कुणीच लिहीत नव्हतं.

---

देशावरचा
13 ऑगस्ट, सकाळी 10:15

सगळं वाचलं. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पैशाचा हिशोब डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये ठेवायचाच कशाला? पोस्टग्रेस या तक्त्यांच्या डेटाबेसमध्ये 9.4 आवृत्तीपासून, म्हणजे 2014 पासून जेसनबी (मोकळ्या रचनेच्या नोंदींचा रकाना) आहे. कोड, दिवस, पाळी, लिटर, दर हे पक्के रकाने करा आणि जे वेगवेगळं असतं ते एका जेसनबी रकान्यात टाका. डेटाबेस तुम्हाला चूक करू देणार नाही. स्कीमा (नोंदीचा ठरलेला आराखडा) नाही म्हणजे स्वातंत्र्य, हे मला कधीच पटलेलं नाही. स्कीमा असतोच, तो फक्त तुमच्या डोक्यात राहतो आणि तुम्ही रजेवर गेलात की तोही जातो.

---

रात्रपाळी
13 ऑगस्ट, दुपारी 12:40

देशावरचा, शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. पण टाइमझोनशिवायचा टाइमस्टॅम्प पोस्टग्रेसमध्येही आहेच, आणि हीच चूक मी तिथेही निस्तरली आहे. चालू केंद्राचा डेटाबेस आता बदलायला सांगणं बरोबर नाही.

स्कीमा मोंगोडीबीतही लिहिता येतो. कलेक्शनला (नोंदींच्या संचाला) $जेसनस्कीमाचा व्हॅलिडेटर, म्हणजे नोंद तपासून मगच आत घेणारा नियम, लावा: कोड पूर्णांकच हवा, पाळी 'सकाळ' किंवा 'संध्याकाळ' यापैकीच, दिवस ठरलेल्या नमुन्यातला, लिटर शून्याहून जास्त. 3.6 आवृत्तीपासून ही सोय आहे. बाकीची फील्ड मोकळी ठेवा, म्हणजे पेंडीची कपात आणि शेरे पूर्वीसारखेच राहतील.

ताई, दर आणि रक्कम कशात साठवता? फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) असेल तर आत्ताच सांगा.

---

नांगरट
13 ऑगस्ट, रात्री 8:00

फ्लोटच. डेसिमल (अपूर्णांक बिनचूक ठेवणारा प्रकार) देऊन पाहिलं होतं, पायमोंगोने एन्कोड होत नाही म्हणून एरर दिली, मग तो नाद सोडला.

देशावरचा, राग कसला. पुढच्या कामाला मी तुमचं नक्की लक्षात ठेवीन. या कामाला मात्र आहे तेच नीट करते.

---

मांडवीकाठ
13 ऑगस्ट, रात्री 8:45

पायथनचा डेसिमल थेट जात नाही, बीसनमधला (मोंगोडीबीच्या साठवणीच्या रचनेतला) डेसिमल128 वापरावा लागतो. तो 34 आकड्यांपर्यंत बिनचूक राहतो, पण परत येताना डेसिमल128 म्हणूनच येतो. बेरीज करण्याआधी टू_डेसिमल करावं लागतं आणि ते कुठेतरी राहून जातंच. आम्ही सरळ पैशांत पूर्णांक ठेवतो. 34 रुपये 50 पैसे म्हणजे 3450. दुधाचेही मिलीलिटर करा: 7.4 लिटर म्हणजे 7400. 7400 गुणिले 3450, भागिले 1000, म्हणजे 25530 पैसे, 255 रुपये 30 पैसे. भागाकाराचं गोलाकरण एकाच ठिकाणी, एकाच नियमाने करा आणि तो नियम भिंतीवर लिहून लावा.

---

लातूरकर
14 ऑगस्ट, दुपारी 4:20

ताई, तुमच्या धाग्यात घुसतोय, माफ करा. हे वाचून मीही शिकायला बसलो आणि तीन ठिकाणी अडकलो. ॲटलासच्या (मोंगोडीबीची क्लाउड सेवा) फुकट क्लस्टरला जोडताना यूआरआय (जोडणीचा पत्ता) चुकीचा आहे म्हणतो. ते कसंबसं जमवलं तर तीस सेकंद नुसता थांबतो आणि सर्व्हर सापडला नाही म्हणतो. मित्राच्या नेटवर ते चाललं, पण लूपमध्ये दहा नोंदी टाकताना पहिली जाते आणि दुसरीला ई11000, डुप्लिकेट की. शिवाय बीसन नावाचं पॅकेज पिपने टाकल्यापासून इम्पोर्टच बिघडलंय.

---

रात्रपाळी
14 ऑगस्ट, रात्री 10:05

घुसलास ते बरं केलंस, नव्याने येणारा प्रत्येक जण या पायऱ्यांवर ठेचकाळतो.

पासवर्डमध्ये @ किंवा / असेल. तो आधी कोट_प्लस (अशी चिन्हं पत्त्यात चालतील अशी बदलणारं फंक्शन) मधून काढून मग यूआरआयमध्ये घाल. तीस सेकंद ही सर्व्हर निवडीची ठरलेली मुदत आहे. मोंगोक्लायंट बनवताना तो जोडणीची वाट बघत नाही, पहिली क्वेरी केलीस की मगच अडचण दिसते. मित्राच्या नेटवर चाललं म्हणजे तुझा आयपी परवानगीच्या यादीत नाही. शिकताना मुदत पाच सेकंद कर, म्हणजे लवकर कळेल.

डुप्लिकेटचं कारण गंमतीचं वाटेल, पण लक्षात ठेव: इन्सर्ट_वन तुझ्याच डिक्शनरीत _आयडी भरून ठेवतो. तू लूपच्या बाहेर एक डिक्शनरी केलीस आणि आत फक्त आकडे बदललेस. दुसऱ्या फेरीत पहिल्याचाच _आयडी घेऊन ती गेली. डिक्शनरी लूपच्या आत बनव.

बीसन हे पायमोंगोसोबतच येतं. त्या नावाचं वेगळं पॅकेज टाकलं की दोघांची मारामारी होते. दोन्ही काढ, फक्त पायमोंगो परत टाक.

आणि मोंगोक्लायंट अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकदाच बनव. त्याच्या पोटात जोडण्यांचा साठा असतो, शंभरपर्यंत. दर विनंतीला नवा क्लायंट बनवलास तर फुकटच्या क्लस्टरची मर्यादा बघता बघता संपेल.

---

नांगरट
15 ऑगस्ट, दुपारी 3:30

सुट्टी होती, सकाळी झेंडावंदन करून बसले ते आत्ता उठतेय. स्क्रिप्ट चालवली. जुन्या नोंदींत फरक साडेपाच तास, नव्यांत शून्य, अगदी दादांनी सांगितलं तसं. 15 जूनच्या दिवशी खरंच दोन्ही प्रकारच्या होत्या.

डुप्लिकेटवरून एक आठवलं. ऑपरेटरने बटण दोनदा दाबल्याने दुहेरी नोंदी झाल्यात, वर्षभरात अशा 14 सापडल्या. कोड, दिवस, पाळी, प्रकार यांवर युनिक इंडेक्स (तीच नोंद दुसऱ्यांदा आत न घेणारा नियम) लावावा का?

---

मांडवीकाठ
15 ऑगस्ट, संध्याकाळी 5:00

लावाच. एरर आली की पडद्यावर 'ही नोंद आधीच झाली आहे' असं मराठीत दाखवा.

---

सायगाव
15 ऑगस्ट, संध्याकाळी 6:10

थांबा. मी केंद्रावर काटा धरणारा माणूस आहे, कोड फारसा कळत नाही. पण मोठ्या गोठ्याचा माणूस एकाच वेळी दोन बरण्या आणतो, कधी मागाहून पोराबरोबर दुसरी पाठवतो. दोन्हींची फॅट वेगळी लागते. तुमचा इंडेक्स दुसरी बरणी परत पाठवेल.

---

नांगरट
15 ऑगस्ट, संध्याकाळी 6:25

सायगाव दादा, वाचवलंत. बरणी क्रमांक हे फील्ड इंडेक्समध्ये घेते. दुसरी बरणी असेल तर ऑपरेटरने वेगळं बटण दाबायचं, चुकून दाबलं जाणार नाही असं लांब ठेवते.

---

राइनकाठ
16 ऑगस्ट, रात्री 12:50

एक छुपी गोष्ट तपासा. तालुक्याचं नाव मराठीत साठवता ना? 'कऱ्हाड' म्हणून शोधा, आणि एकूण सभासदांशी आकडा जुळतो का बघा.

---

नांगरट
16 ऑगस्ट, सकाळी 7:30

नाही जुळत! 212 आले, बाकीचे नव्वदेक गायब. नजरेला तर सगळीकडे 'कऱ्हाड'च दिसतंय!

---

राइनकाठ
16 ऑगस्ट, दुपारी 1:15

दिसणारच. पण पायथनमध्ये दोन्हींची लेन (लांबी) काढा, एक 6 येईल आणि दुसरी 7. आडवा र लिहायच्या दोन रीती आहेत. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त: कऱ्हाड. दुसरीत साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक: कर्‍हाड. यूटीएफ-8 मध्ये एक 18 बाइटचा, दुसरा 21 चा. मोंगोडीबी बाइट ताडून बघतं, त्याला ही दोन वेगळी गावं आहेत. दोन माणसांनी दोन कीबोर्डांवर नोंदी केल्या की हे होतंच.

अक्षरं एका रीतीत आणणारं युनिकोडडेटाचं नॉर्मलाइझ एनएफसी लावा, पण ते फक्त र आणि नुक्ता यांचा ऱ करतं. जोडकवाला प्रकार तसाच राहतो, तो तुम्हाला रिप्लेसने बदलावा लागेल. साठवतानाही आणि शोधतानाही एकाच फंक्शनमधून न्या. गाव-तालुक्याला तर टंकायला देऊच नका, यादीतून निवडू द्या.

नावांची यादी लावताना कोलेशनमध्ये (अक्षरक्रमाच्या नियमात) लोकेल 'एमआर', म्हणजे मराठी, द्या. नाहीतर ळ हा ल आणि व यांच्या मधे येतो आणि काळे हे कावळे, कासार यांच्या आधी छापले जातात. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर आहे, सभासदांना यादीत आपलं नाव तिथेच शोधायची सवय असते.

---

देशावरचा
16 ऑगस्ट, दुपारी 2:00

हे मलाही नवीन. माझ्या पोस्टग्रेसच्या तक्त्यात आत्ता बघितलं, तिथेही दोन कऱ्हाड आहेत.

---

नांगरट
21 ऑगस्ट, रात्री 10:30

काल 11 ते 20 ऑगस्टचं बिल काढलं, पहिल्यांदाच 'दिवस' आणि 'पाळी' वरून. आणि या वेळी हाताने भरलेल्या पाच कार्डांशी एकेक नोंद ताडून मगच छापलं. जुळलं. 11 तारखेच्या पहाटेचं नऊजणांचं दूध त्यात आहे.

मागचा फरक: पाच सकाळी, नऊ सभासद, पैकी चारदा कुणी ना कुणी आलं नव्हतं. म्हणून 41 नोंदी. सचिवांना घेऊन बसले, काय झालं ते कागदावर लिहून दिलं. त्यांनी त्याच बिलात 'मागील फरक' असा रकाना घालून नऊही जणांचे पैसे जमा केले आणि सूचना फलकावर कारणही लावलं.

सत्तेचाळीस नंबरच्या आजींचं 3.2, 3.0, 3.4, 3.1 आणि 3.3, मिळून 16 लिटर निघालं. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी जून-जुलैची कार्डंही जपून ठेवली होती. पाचही आकडे बोटाने एकेक करून लावून बघितले, सगळे जुळले तेव्हा बिल घडी करून पिशवीत ठेवलं.

लातूरकर, तुझा मेसेज मिळाला. _आयडी वरून वेळ दुरुस्त करणारी स्क्रिप्ट उद्या इथेच टाकते, सभासदांची नावं काढून. तुझ्या प्रोजेक्टमध्ये वापर.

---

लातूरकर
21 ऑगस्ट, रात्री 10:41

टाका ताई, वाट बघतो. चाचणीसाठी पहाटे 5:29 आणि 5:31 अशा दोन नोंदी मी घालून ठेवल्यात.